लाल पान आलं की हात वर

आमच्या दुकानात काउंटरच्या वर मोठ्या अक्षरात एक पाटी आहे: ‘लाल पान आलं की हात वर.’ नवीन गिऱ्हाईक ती वाचून आधी दाराकडे बघतं. त्याला वाटतं, इथे दरोडा वगैरे पडतो की काय. पण हात त्याने नाही, आम्ही वर करायचे असतात. कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडताना लाल त्रिकोणाचं इशाऱ्याचं पान आलं, की कीबोर्ड-माउसवरून हात उचलायचे, मोठ्याने ‘लाल!’ म्हणायचं आणि मगच पुढचा विचार करायचा. माणसाचं बोट डोक्यापेक्षा चपळ असतं, म्हणून हा नियम. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘तरीही पुढे जा’ अशी एक वाट ठेवलेली असते, आणि बोटाला ती पाठ झालेली असते.

शहाद्यात बाजाराच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मी आणि माझी जाऊ सरला, दोघी मिळून चालवतो. घरची तापीकाठची केळी पुरुष मंडळी बघतात. दाखले, शिष्यवृत्त्या, प्रवेश, पेन्शन आणि सातबारे आम्ही बघतो. केळीपेक्षा आमच्या मालाची नासाडी कमी होते, एवढंच मी घरात बोलून दाखवते. या अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरल्यावर सवयीप्रमाणे आधी यादी केली. दुकान कधी सुरू केलं, कर्ज कुठून घेतलं, पहिला प्रिंटर कोणता, असे मुद्दे होते. वाचून मलाच जांभई आली, ते सगळे खोडले. उरलं लाल पान.

बाहेरच्या माणसाला हे पान समजावून सांगायचं तर मी उत्पन्नाच्या दाखल्याचं उदाहरण देते, कारण उत्पन्नाचा दाखला कधीच न काढलेला माणूस आमच्या तालुक्यात मला अजून भेटायचा आहे. त्या दाखल्यावर तीन गोष्टी बघतात: नाव कोणाचं, दिला कोणी, मुदत कधीपर्यंत. वेबसाइटलाही असाच दाखला असतो. आपण साइट उघडली, की ब्राउझर, म्हणजे आपल्याला इंटरनेट दाखवणारी ती खिडकी, आधी तो दाखला मागून घेते आणि खडूस कारकुनासारखी तपासते. नाव जुळलं, देणारा ओळखीचा निघाला, आजची तारीख मुदतीत बसली, तर आपलं सगळं बोलणं बंद पाकिटातून जातं. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी लाल पान. साइट चोराची आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि सावाची आहे असाही नाही. कारकून एवढंच म्हणतो, की मला ओळख पटली नाही, पुढचं तुम्ही बघा.

गिऱ्हाइकांना मात्र तो स्वतःचा दोष वाटतो. एका पोराने लाल पान बघितलं आणि आधार कार्ड काउंटरवरून उचलून शर्टाला पुसून परत दिलं. तापीकाठच्या प्रकाशा गावाहून आलेल्या एका आजींना सरलाने पानावरचं वाक्य वाचून दाखवलं, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही.’ आजी म्हणाल्या, “नही ते नही. माले खाजगी कसाले पाहिजे? सरकारीच दे.”

मला स्वतःला हे पान कळायला वेळ लागला. दुकान नवं होतं तेव्हा आमचा एक जुना कॉम्प्युटर रोज सकाळी प्रत्येक साइटला लाल पान दाखवायचा. मी वायर बदलली, व्हायरस शोधला, केबलवाल्याला फोन करकरून त्याचा जीव खाल्ला. शेवटी सरलाचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. तारीख कितीतरी वर्षं मागची. कॉम्प्युटरच्या आत बटणाएवढा सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा. तो मेला होता. त्यामुळे रात्री मेन स्विच बंद केला, की सकाळी कॉम्प्युटर जुन्या काळात जागा व्हायचा, आणि त्याच्या हिशेबी सगळ्या साइटचे दाखले अजून जन्माला यायचे असायचे.

सेल कुठे मिळेल? तर भिंतीपलीकडे. आमच्या शेजारी रशीदचाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. त्यांनी खणातून सेल काढून दिला आणि वर बोलून घेतलं.

“तुन्हा डब्बामा बी घड्याळ शे?”

“आहे चाचा.”

“मंग पैले सांगानं ना! आठ दिवसपाईन नेटले शिव्या दी ऱ्हायनी. नेटना काय गुन्हा?”

तेव्हापासून चाचा स्वतःला कॉम्प्युटरच्या धंद्यात भागीदार समजतात. आमच्याकडून जरा मोठा आवाज आला, की भिंतीपलीकडून हाक येते, “पैले टाइम देख!”

पलीकडच्या गाळ्यात बंटीचं दुकान आहे, धंदा आमचाच. बंटी हाताला फार चपळ. त्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ सेलमुळे नव्हे, बंटीमुळेच मागे पडलं होतं. पासपोर्ट फोटो छापायचं सॉफ्टवेअर त्याने महिनाभराच्या फुकट मुदतीवर घेतलं होतं, आणि महिना संपत आला की तो तारीख मागे ढकलायचा. सॉफ्टवेअर खूश, पण सगळ्या साइट लाल. बंटीला त्याचं काही नव्हतं. तो म्हणायचा, “ताई, लाल पान म्हणजे स्पीडब्रेकर. गाडी जराशी हळू करानी अन् निंघी जावानं.” एकदा त्याने टाइप करून दिलेल्या अर्जावर तारीखही आपोआप मागच्या वर्षीची छापली गेली. कार्यालयातल्या बाईंनी अर्जदाराला विचारलं, “भाऊ, सही करून इथपर्यंत यायला वर्ष लागलं? चालत आलात का?” बंटीने ती गोष्ट स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगितली, आणि तारीख मागेच ठेवली.

आता रविताची गोष्ट. पाटी तिच्या आधीची आहे, पण त्या पाटीची खरी परीक्षा त्या दिवशी झाली.

डोंगरातली माणसं आमच्याकडे बाजाराच्या दिवशी येतात. तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यांवरून जीप सकाळी घाट उतरते आणि दुपार कलली की चढते. त्यामुळे फॉर्मची शेवटची तारीख कोणती, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं नाही. त्याआधीचा बाजार कधी, हे महत्त्वाचं. त्या वर्षी नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची तारीख नेमकी बाजाराच्याच दिवशी आली.

रविता आश्रमशाळेत शिकून बारावी झालेली. पहिल्याच यादीत तिला नंदुरबारचं कॉलेज मिळालं होतं. आता फक्त ‘ही जागा मला हवी’ असं ऑनलाइन कळवायचं होतं, त्या दिवशी पाचच्या आत. नाही कळवलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

“पुढच्या फेरीत मिळेल की दुसरं,” सरला तिला धीर देत म्हणाली.

“लांबचं मिळालं तर घरून पाठवणार नाहीत,” रविता म्हणाली. शाळेत शिकलेली स्वच्छ, जपून बोललेली मराठी. वडील शेजारीच उभे होते. 

वडील म्हणजे सायसिंगभाऊ. घरी पावरी, बाजारात अहिराणी आणि माझ्याशी मराठी, आणि घाईत असले की तिन्हींची मिसळ. काखेत नुकत्याच घेतलेल्या दोराचं वेटोळं होतं आणि शर्टाच्या वरच्या खिशात फोन. त्या खिशावर त्यांचा एक हात कायम ठेवलेला. बाजारात पाकीटमारांची भीती असते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सरलाने प्रवेशाची साइट उघडली आणि हात वर केले. “लाल!”

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, “पैले टाइम देख!”

टाइम बघितला. बरोबर होता. लाल पान आलं की काय काय बघायचं याचा क्रम मी ठरवून ठेवलेला आहे: आधी घड्याळ, मग साइटचा पत्ता, मग दुसऱ्या नेटवरून तीच साइट, आणि शेवटी दाखला उघडून त्यावरचं नाव. पत्ता अक्षर न् अक्षर तपासला, बरोबर. दुसरं नेट म्हणून माझ्या फोनच्या नेटवर साइट उघडायला गेले, तर बाजाराच्या गर्दीने टॉवर इतका भरलेला, की नुसतं चाक फिरत राहिलं.

“फोनमा बी तेच येस, ताई,” सायसिंगभाऊ म्हणाले. “काल रेंजवाला टेकडीवर जाईसन देखं. लालच.”

झालं. दुसऱ्या नेटवरही लाल. मी तो मुद्दा मनातल्या मनात निकालात काढला आणि दाखला उघडला. त्यावर प्रवेशाच्या साइटचं नाव नव्हतंच. कुठलंतरी भलतंच नाव होतं, आणि दाखला देणाराही तोच. आपल्याच सहीने आपणच काढलेला उत्पन्नाचा दाखला घेऊन कोणी आला, तर त्याला जे म्हणाल ते या पानाला म्हणा.

मुदत संपलेली असती तर मी वेगळा विचार केला असता. असं होतं, साइट चालवणारे दाखल्याचं नूतनीकरण करायला विसरतात, आपण गॅसची नळी बदलायला विसरतो तसं. पण हे नाव दुसऱ्याचं. मात्र दोन्हीकडे लाल, म्हणजे दोष साइटवाल्यांचाच असणार, असंही वाटत होतं. मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथे सतत गाणं वाजत होतं.

तेवढ्यात बंटीने दारातून डोकं आत घातलं. “ताई, मन्हाकडे व्हई ऱ्हायनं! पुढे जा दाबा, बस्स. तीन पोरींचं झालं.”

आमच्या रांगेतली माणसं त्याच्याकडे वळली. दोघीजणी तर बसलेल्या खुर्चीवरून उठून गेल्या. एका बाईने जाता जाता मला ऐकवलं, “इतल्या भ्यासात ते दुकान कसाले टाकं, माय?”

“ताई, दाबा तुम्ही,” रविता म्हणाली. “काही झालं तर माझ्यावर.”

“तुझ्यावरच होईल, म्हणून तर दाबत नाही.”

मी तिला सांगितलं, की या पानामागे कोण बसलंय ते मला माहीत नाही. तो तुझं नाव, पासवर्ड, आधार, मार्क सगळं लिहून घेईल, ‘अभिनंदन, जागा निश्चित’ असं हिरव्या अक्षरात दाखवेलही. खऱ्या साइटला त्याचा पत्ता लागणार नाही. पाच वाजतील, आणि जागा जाईल ती जाईलच, वर तुझा पासवर्डही गेलेला असेल. ती ऐकत होती. पण तिचे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, घड्याळाकडे होते.

सायसिंगभाऊंनी दोराचं वेटोळं सावरलं. “चाल वं. बंटीकडे चाल.” मग मला म्हणाले, “ताई, तुम्ही शिकेल लोक भ्याता. बंटी भ्यात नही.”

“बंटीला नर्स व्हायचं नाहीये, भाऊ.”

हे बोलले खरी, पण मनातले प्रश्न सुटले नव्हते. मी बरोबर असले आणि हिची जागा गेली, तर माझ्या बरोबर असण्याचं ती काय करणार? आणि मी चूक असले तर? माउस समोरच होता. सायसिंगभाऊ दारापर्यंत गेले, रविता अजून खुर्चीतच. तेवढ्यात बंटीच्या दारात एका मुलीचा आवाज आला.

“दादा, आमले तिन्हीसले ओटीपी उनाच नही अजून.”

“येई ना. सर्व्हर स्लो शे.”

मी उभी राहिले. ही साइट ओटीपीशिवाय, म्हणजे फोनवर येणाऱ्या त्या आकड्यांशिवाय, एक पाऊल पुढे जाऊ देत नाही. इतकी वर्षं जाऊ दिलं नाही. बंटीकडे तीन मुलींचं ‘झालं’ आणि एकीलाही ओटीपी नाही? म्हणजे त्याच्या पडद्यावरचं पान ते पान नव्हतंच. मग सायसिंगभाऊंच्या फोनवर काल कोणतं पान आलं होतं? मी ते बघितलं नव्हतं. ऐकलं होतं.

“भाऊ, थांबा. तुमच्या फोनवरचं लाल पान मला दाखवा.”

त्यांचा हात खिशावर घट्ट झाला. “तेच शे ताई. लालच.”

“असू द्या. बघू द्या.”

“चार्जिंग कमी शे.”

“बाबा,” रविता म्हणाली, आणि उठून स्वतःच त्यांच्या खिशातून फोन काढला.

साइट उघडली. पान आलं, पण ते आमचं पान नव्हतं. आमच्यावर त्रिकोण, याच्यावर घड्याळाचं चित्र. खाली स्वच्छ लिहिलेलं, तुमचं घड्याळ पुढे आहे. मी तारीख बघितली. बाहेर बाजारात गणपतीच्या आराशीचं सामान मांडलेलं होतं, आणि सायसिंगभाऊंच्या फोनात दिवाळी होऊन गेली होती.

माझ्या क्रमातला पहिला मुद्दा. मी कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं आणि फोनचं चाचांनी ओरडूनसुद्धा तपासलं नाही.

म्हणजे दोन लाल पानं, पण दोन वेगळी कारणं. फोनचं नेट ठणठणीत होतं, तारीख तेवढी खोटी होती. दुकानाची तारीख खरी होती, नेट खोटं होतं. मी फोनच्या सेटिंगमध्ये शिरले, तारीख आपोआप घेण्याचं बटण चालू करायला.

“थांबा ताई!” सायसिंगभाऊ अर्धे पुढे आले.

“काय झालं?”

“काही नही.” मग हळूच, “आजना दिवस ऱ्हाऊ द्या ना तसंच.”

रविताने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि बोटाने मागचं उघडं पान सरकवलं. पडद्यावर हिरवंगार शेत आलं. कडेला लाल ट्रॅक्टर, कोंबड्या, एक विहीर. शेतीचा गेम. त्यात पेरलं की पीक तयार व्हायला तासन् तास लागतात, पण फोनची तारीख पुढे केली की क्षणात कापणीला येतं. सायसिंगभाऊंना हे कोणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. घरचा मका अजून कापणीला यायचा होता, आणि फोनातला त्यांनी दोनदा काढून विकलाही होता.

“बाबा!” रविता म्हणाली.

“मका होता,” सायसिंगभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. “लवकर होस तो.”

मी बटण दाबलं. तारीख जागेवर आली. साइट उघडली, लाल नाही, काही नाही, दाखल्यावर नाव बरोबर, देणारा ओळखीचा. त्याच फोनचं नेट कॉम्प्युटरला जोडलं, तिथेही स्वच्छ. रविताने पासवर्ड स्वतः टाइप केला. ओटीपी आला, तिने तो मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, सरलाने तिला खुणेनेच गप्प केलं. तोही तिनेच टाइप केला. मग पानावर आलं: जागा निश्चित.

प्रिंट निघाली. तिने कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, परत वाचला.

“झालं?” वडिलांनी विचारलं.

तिने मान हलवली. सायसिंगभाऊ मटकन बाकावर बसले आणि काखेतलं दोराचं वेटोळं पहिल्यांदा खाली ठेवलं. मी गार झालेला चहा एका घोटात संपवला. इतका चांगला चहा मी कधी प्यायले नाही.

पण बसायला वेळ नव्हता. मी बंटीच्या दुकानात गेले आणि दारातूनच ओरडले, “हात वर!”

एरवी त्याने मला हसण्यावारी नेलं असतं. माझा चेहरा बघून त्याने खरंच हात वर केले. मी दोन वाक्यांत सांगितलं. तो पांढरा पडला. “ताई, तीन पोरी,” एवढंच म्हणाला. ओटीपीची वाट बघून तिन्ही मुली बाजारात पांगल्या होत्या. त्यांना शोधायला बंटी जो पळाला, त्याची चप्पल दुकानातच राहिली.

काय झालं होतं ते सांगते. आमच्या ओळीतल्या पाचही गाळ्यांना मिळून इंटरनेटचा एकच डबा होता, मधला गाळा म्हणून चाचांच्या भिंतीवर टांगलेला. काटकसर. त्या डब्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, जगाला माहीत असलेला. कोणीतरी बाहेरून त्यात शिरून पत्ते फिरवून ठेवले होते. तुम्ही स्टँडवर उतरून शाळा कुठे विचारावं, आणि सांगणाऱ्याला कोणीतरी आधीच पढवून ठेवलेलं असावं, तसं. तुम्ही पोचता, पाटी शाळेचीच असते, इमारत दुसऱ्याची. कारकून मात्र फसत नाही. तो पाटी वाचत नाही, दाखला मागतो. त्या दिवशी लाल पान शब्दशः खरं बोलत होतं. केबलवाल्याने संध्याकाळी डबा पुसून नव्याने बसवला आणि आम्ही पासवर्ड बदलला. कोणी केलं, कुठून केलं, ते कधीच कळलं नाही.

ते पुढचं. तेव्हा पाच वाजायच्या आत तीन मुलींचे आधी पासवर्ड बदलायचे होते आणि मग जागा निश्चित करायच्या होत्या. आणि बाजारात चालणारं एकच नेट आमच्या हातात होतं, सायसिंगभाऊंचं. डोंगरात ज्या कंपनीची रेंज, तिचंच कार्ड त्यांच्याकडे. चार्जिंग खरंच कमी होतं, ते खोटं बोलले नव्हते. चाचांनी आपल्या दुकानातून वायर ओढून दिली. फोन काउंटरच्या कडेवर, वायर ताणलेली, आणि तिला कोणाचा पाय लागू नये म्हणून सायसिंगभाऊ मध्ये दोन्ही हात पसरून उभे.

“टॉवर बंद पडना ते काय व्हयनं?” चाचा म्हणाले. “आपला सायसिंग उभा शे ना!”

“हसा, हसा,” सायसिंगभाऊ म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

जीपवाला येऊन हॉर्न वाजवू लागला. आम्ही त्याला सांगितलं, तुझ्याच जीपच्या दोन मुली आहेत. मग तो भजी घेऊन आमच्याच पायरीवर खात बसला आणि अधूनमधून उगाच “चला, चला” म्हणत राहिला. शेवटच्या मुलीचा ओटीपी यायला जरा वेळ लागला, तेवढ्यापुरतं जीपवाल्याचं चावणंही थांबलं. मग टिंग वाजलं. बंटी अनवाणीच उभा होता. तो भिंतीला टेकून हसायला लागला आणि त्याला ते थांबवता येईना.

दुसऱ्या दिवशी बंटीने आपल्या कॉम्प्युटरची तारीख सरळ केली. फोटोचं सॉफ्टवेअर बंद पडलं, तेही त्याने रीतसर विकत घेतलं. आणि काउंटरच्या वर पाटी लावली, ‘लाल पान आलं की हात वर.’ अक्षर माझ्या पाटीपेक्षा मोठं.

खंत नाही असं नाही. आजही लोक आमच्याकडे येऊन पासवर्ड सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा सांगतात आणि कुलूप उघडलेला फोन काउंटरवर ठेवून भाजी घ्यायला जातात. आम्ही भरवशाची माणसं म्हणून ते असं करतात, आणि हाच भरवसा ते पुढच्या दुकानातही तितक्याच सहज ठेवतात. लोकांची कामं मी पुष्कळ केली. पण आपलं काम आपल्या हाताने करायची सवय फार थोड्यांना लावू शकले. रविता त्या थोड्यांतली. ती सवय मी लावली की त्या दिवशीच्या भीतीने लावली, हे मी तिला विचारलेलं नाही.

ती आता जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. या उन्हाळ्यात ती धाकट्या बहिणीचा फॉर्म भरायला आली, बाजाराच्याच दिवशी, वडिलांना घेऊन. आमच्या बाजूची वीज गेलेली होती, कॉम्प्युटर बंद. म्हणून धाकटीने सायसिंगभाऊंच्याच फोनवर साइट उघडायला घेतली. इशाऱ्याचं पान आलं. तिचं बोट झपकन पानाच्या तळाशी गेलं. सरलाचे आणि माझे हात सवयीने वर गेले, पण त्याआधीच रविताने बहिणीचं मनगट धरलं होतं.

तिने पान वाचलं नाही. फोन हातात घेतला, कोपऱ्यातली तारीख बघितली, आणि मान वर करून वडिलांकडे वळली.

“बाबा.”

सायसिंगभाऊ माझ्या भिंतीवरची पाटी जणू पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे उभे होते.

“या टाइमले मका नव्हता,” ते म्हणाले. “भुईमूग होता.”